हौदातल्या उंदरांना काय आठवत होतं

उंदीर पोहतो आणि झकास पोहतो, हे मला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळलं. तोवर विरारपलीकडच्या आमच्या फार्मसी कॉलेजच्या अॅनिमल हाऊसमध्ये मी उंदरांच्या सेवेत बरीच वर्षं काढली होती. पिंजरे धुवायचे, खाली भाताचा तूस पसरायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, वजनं करायची, हे माझं काम. नातेवाइकांत माझी ओळख 'उंदीरवाली' अशीच आहे. लग्नकार्यात कुणीतरी हमखास विचारतं, "काय, कशी आहेत लेकरं?" मीही सांगते, "तुमच्यापेक्षा वेळेवर जेवतात."

त्या वर्षी पीएच.डी. करणाऱ्या एका मॅडमचा प्रयोग आमच्याकडे लागला. मॅडम वयाने माझ्या निम्म्या, पण आमच्याकडे पांढरा कोट घातलेला माणूस एक तर सर असतो नाही तर मॅडम. विषय होता विसरण्यावरचं नवं औषध. ते माणसापर्यंत पोचायला अजून कितीतरी वर्षं होती, आणि बहुतेक औषधं त्या वाटेतच मरतात, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. मी मान डोलावली. पण 'विसरण्यावरचं' हा शब्द कानात राहिला, कारण वसईजवळच्या निर्मळ गावी, माझ्या माहेरी, माझे बाबा विसरत चालले होते.

बाबांनी सगळं आयुष्य वाडीत काढलं. केळी, सोनचाफा, मोगरा, थोडी भाजी. दोन वर्षांपूर्वी आधी माणसांची नावं गेली, मग सकाळी काय खाल्लं ते जायला लागलं, आणि एके दिवशी त्यांनी मलाच विचारलं, "तुम्ही कोनाकडे आलात?" डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि स्पष्ट सांगितलं, आहे ते टिकवायला बघू, गेलेलं परत येणार नाही. तरी एक गोष्ट शाबूत होती. रोज सकाळी बाबा एकटे वाडीत जायचे, काहीबाही खुरपायचे, चार फुलं काढायचे आणि अकराच्या सुमारास टोपली घेऊन बरोबर घरी यायचे. एकदाच कधीतरी चुकून रस्त्याला लागले आणि शेजारच्या वाघोली गावाच्या बाजूला सापडले, तेवढंच.

मी एकुलती एक. माझं म्हणणं होतं की दोघांनी एव्हरशाईन सिटीत माझ्या फ्लॅटवर यावं. लिफ्ट आहे, वॉचमन आहे, दाराला कडी आहे. आई म्हणायची, "कडी गुरांना लावतात." शेवटी आमचा करार झाला. बाबा पुन्हा एकदा जरी वाट चुकले तरी मी दोघांना उचलून घेऊन जाणार, आई आडवी येणार नाही. मी माझ्या परीने बरोबर होते आणि मला ते माहीतही होतं, माझा स्वभावच तसा. पण बाबांना वाडीतून काढलं तर ते किती दिवस काढतील, याची भीती मलाही होतीच. म्हणूनच त्या औषधाकडे माझे डोळे लागले.

प्रयोग असा होता. एका खोलीत मोठा गोल हौद. त्यात कोमट पाणी, आणि पाण्यात दुधाची पावडर कालवून ते पांढरं केलेलं. पाण्याखाली बोटभर खोल एक छोटा चौरंग. त्याला सगळे प्लॅटफॉर्म म्हणायचे, मी पाट म्हणायचे. उंदराला हौदात सोडायचं. त्याला पाट दिसत नाही, तो पोहत राहतो आणि कधीतरी पाय टेकतो. दुसऱ्या वेळी लवकर सापडतो, तिसऱ्या वेळी आणखी लवकर. दर वेळी वेगळ्या बाजूने सोडलं तरी भिंतीवरच्या खुणा बघून तो बरोबर पाटाकडे जायला शिकतो. आपण स्टॉपवॉच घेऊन वेळ मोजायची आणि ओल्या उंदराला टॉवेलात पुसून परत ठेवायचं.

मला हे बघायचं वेडच लागलं. पाट सापडलेला उंदीर त्यावर उभा राहून आधी मिश्या झटकतो आणि मग खोलीभर नजर फिरवतो. तो नक्की काय लक्षात ठेवत असेल? खिडकी? ट्यूबलाइट? कॅलेंडर? मी मॅडमना इतके प्रश्न विचारले की त्या म्हणाल्या, "ताई, तुम्हीच करा ना पीएच.डी."

उंदरांचे तीन गट होते. पिवळा रंग लावून आम्ही त्यांच्यावर खुणा केल्या होत्या, एका गटाच्या डोक्यावर, दुसऱ्याच्या पाठीवर, तिसऱ्याच्या शेपटीवर. एका गटाला नुसतं पाणी. एकाला विसरायला लावणारं इंजेक्शन आणि वर साधं पाणी. एकाला तेच इंजेक्शन आणि वर नवं औषध. पण कुणाला काय मिळतंय ते आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं. बाटल्यांवर आणि सिरिंजांवर नुसती अक्षरं होती, आणि अक्षरांची यादी मॅडमच्या गाइडच्या, म्हणजे मोठ्या सरांच्या कपाटात. मनात आशा असली की हातही तिच्याच बाजूने चालतो, म्हणून ही काळजी.

नियमाप्रमाणे तिन्ही गटांच्या चाचण्या एकाच माणसाने घ्यायच्या होत्या. इथे मी माझं घोडं दामटलं. आईला मोतीबिंदूमुळे धड दिसत नव्हतं, बाबांच्या गोळ्या तिने एकदा उलटसुलट दिल्या होत्या, त्यामुळे दुपारी बाराला मला निर्मळला पोचायचंच होतं. मी मॅडमना म्हटलं, डोक्यावर पिवळा असलेल्यांचं मी सकाळी उरकते, उरलेले दोन गट तुम्ही घ्या. बिचाऱ्या हो म्हणाल्या. मी स्कूटर काढून निघायचे.

दुसऱ्या दिवसापासूनच माझे पिवळ्या डोक्याचे उंदीर चमकायला लागले. सोडले की सरळ पाटाकडे. मॅडमच्या दोन गटांतला एक बरा होता, एक नुसता काठाकाठाने फिरत होता. चौथ्या दिवशी तर माझे उंदीर स्टॉपवॉच दाबायला फुरसत देईनात. माझ्या डोक्यात हिशेब पक्का झाला. पिवळ्या डोक्यांच्या बाटलीवर 'ब' लिहिलं होतं. म्हणजे 'ब' म्हणजेच औषध.

मी मोठ्या सरांकडे गेले. ताकाला जाऊन भांडं लपवत म्हटलं, "सर, समजा हे औषध एखाद्या म्हाताऱ्या माणसाला थोडंसं दिलं तर?" सरांनी चष्म्यावरून बघितलं. "कोण म्हातारा माणूस?" मी सांगितलं. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला आणि म्हणाले, "उंदरांत काम केलेली औषधं माणसांत हजारदा आपटी खातात. आणि काय बिघडवतील ते तर आपल्याला माहीतच नाही. अजिबात नाही." मी हो म्हटलं आणि बाहेर येऊन पुढे जे केलं ते आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. 'ब' बाटलीतलं थोडं पाणी, म्हणजे माझ्या मते औषध, एका रिकाम्या शिशीत काढलं आणि पर्समध्ये टाकलं.

त्या दुपारी निर्मळला बाबा पाटावर बसून भात कालवत होते. शिशी माझ्या पर्समध्ये, पर्स मांडीवर. आमटीत चार थेंब टाकले असते तर कुणाला कळलं असतं? हात शिवशिवत होते. पण इतकी वर्षं उंदरांना मोजून मोजून दिल्यावर अंदाजाने चार थेंब टाकायचे म्हणजे माझ्याच्याने होईना. म्हटलं, उद्या शेवटची चाचणी आहे, ती बघू आणि मग देऊ. पी हळद आणि हो गोरी, इतकी काही मी उतावळी नाही, अशी स्वतःची समजूत घातली.

शेवटच्या चाचणीत हौदातून पाट काढून घेतात. उंदीर पाट जिथे असायचा तिथेच शोधत राहिला, म्हणजे त्याला जागा आठवते. त्या सकाळी मी खोलीत गेले तर माझ्या नेहमीच्या कोपऱ्यात भिंतीला ओल येऊन प्लगमधून चटचट आवाज येत होता. इलेक्ट्रिशियन म्हणाला, इकडे उभ्या राहू नका. म्हणून मी माझं स्टूल उचलून हौदाच्या पलीकडे ठेवलं, पहिला उंदीर बाजूने सोडला आणि स्टुलापाशी जाऊन उभी राहिले.

तो सरळ माझ्याकडे आला. पाटाची जागा समोर होती, तिकडे त्याने बघितलंही नाही. माझ्या पायांसमोर येऊन गोल गोल घिरट्या घालत राहिला आणि पायाने पाण्याखाली चाचपत राहिला. मला वाटलं, हा एक येडा निघाला. दुसरा सोडला, तो माझ्याकडे. तिसरा, चौथा, सगळे.  चार दिवस उंदीर सोडला की मी पाटाच्या अगदी मागे, त्याच कोपऱ्यात, त्याच निळ्या एप्रनमध्ये येऊन उभी राहायचे. त्या उंदरांनी खिडकी, ट्यूब, कॅलेंडर यांतलं काही लक्षात ठेवलेलं नव्हतं. त्यांनी मला धरलं होतं. मॅडम लॅपटॉप घेऊन पडद्यामागे बसायच्या, त्यामुळे त्यांच्या उंदरांना धरायला कुणी नव्हतं.

शिशी मी बेसिनमध्ये ओतली. मग मॅडमना सांगितलं. त्यांचा चेहरा बघवेना. चूक माझ्या अर्ध्या दिवसाच्या सवलतीची होती आणि महिने त्यांचे जाणार होते. पुढचा आठवडाभर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या, आणि ते बरोबरच होतं. मोठ्या सरांनी यादी काढली. 'ब' म्हणजे साधं पाणी. माझ्या पिवळ्या डोक्यांना विसरायचं इंजेक्शन मिळालं होतं आणि औषधाचा थेंबही नाही. मी चोरलं होतं ते नळाचं पाणी! मला हसूही आलं आणि भीतीही वाटली, कारण ते पाणी नसतं तर?

सर मात्र खुलले. म्हणाले, "बघा, यात गंमत आहे. खोलीचा नकाशा डोक्यात ठेवायचा म्हणजे अवघड काम, ते या इंजेक्शनने बिघडतं. पण एकच ठळक खूण धरून तिच्याकडे जायचं, हे बरंच टिकतं." प्रयोग पुन्हा झाला, माणसाला पडद्यामागे बसवून, सगळ्या चाचण्या एकाच माणसाकडून. औषधाचा थोडा फरक दिसला, तो खरा की योगायोगाचा यावर अजून वाद आहे. पहिल्या खेपेचे उंदीर नियमाप्रमाणे संपवावे लागले. दर वेळी लागतात. त्या दिवशी मी जेवले नाही.

सरांचं वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जाईना. बाबा रोज अकराला बरोबर घरी येतात. कशाला धरून?

आमच्या वाडीतून घराकडे येताना मध्ये एक बावखल लागतं. बावखल म्हणजे वाडीला पाणी देणारं छोटं गोड्या पाण्याचं तळं. तिथे वाट फुटते. एक घराकडे येते, दुसरी बाहेर मोठ्या रस्त्याला जाते. अकराला आई त्या बावखलावर भांडी घासत असते हे मला माहीत होतं. मी दुपारी पोचायचे तोवर दोघं घरात आलेली असायची, म्हणून त्यावर कधी विचारच केला नव्हता.

पुढच्या रविवारी मी आईला म्हटलं, "आज भांडी मी घासते, तू वडे तळ." आणि भांडी तशीच ठेवून केळीच्या आड जाऊन उभी राहिले, हातात घड्याळ. सवय वाईट. बाबा टोपली घेऊन आले. बावखलाशी थांबले. आई जिथे असते तिकडे बघितलं. पुन्हा बघितलं. मग बावखलाला एक फेरी घातली, काठाकाठाने, आणि पुन्हा तिथेच येऊन उभे राहिले. दुसरी फेरी घातली. टोपली तिरकी झाली, चाफ्याची फुलं पडली, ती त्यांना कळली नाहीत. मला पुढे व्हायला हवं होतं. मी घड्याळ बघत होते. आज लिहितानाही त्याची लाज वाटते.

आई हाताला पीठ लागलेलं तशीच बाहेर आली. हाक मारली नाही, नुसती आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. बाबांनी टोपली सावरली आणि तिच्याकडे चालत आले.

त्यांना घरात बसवून ती परत आली तेव्हा मी केळीमागून निघाले होते. आमची घरची बोली जशीच्या तशी लिहिली तर अर्ध्यांना कळणार नाही, म्हणून सोपी करून लिहिते. ती म्हणाली, "झालं समाधान? त्यांना उंदीर केलंस?"

मी म्हटलं, "तुला माहीत होतं?"

"वाघोलीला सापडले तेव्हापासून रोज अकराला मी इथे उभी असते. भांडी काय, घरात नळ आहे."

मग मला उशिरा सुचायचं ते सुचलं. गेलं वर्षभर डॉक्टर आईला मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्या म्हणत होते, आणि ती आज पाहुणे, उद्या पितृपक्ष, परवा गुडघा, असं करत टाळत होती. मी तिला भित्री म्हणत होते. मी विचारलं, "म्हणून ऑपरेशन करत नाहीस?"

"आठ दिवस धूळ नको, पाणी नको म्हणतात. तेवढ्यात हे गेले कुठे तर?"

"अगं, पण तुला इथून दिसतात तरी का ते?"

"नाही दिसत," ती म्हणाली. "काहीतरी हलतंय एवढं कळतं. पण त्यांना मी दिसले पाहिजे ना."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. मी तिथेच केळीच्या बुंध्याला धरून रडले. आई म्हणाली, वडे करपतील.

फ्लॅटचा विषय मी सोडला. पण ऑपरेशन व्हायलाच हवं होतं. मी रजा टाकली आणि आम्ही दोघी कामाला लागलो. पहिल्या दिवशी अकराला मी तिचंच हिरवं पातळ नेसून आईला चिकटून उभी राहिले. बाबा आले. दुसऱ्या दिवशी आई एक पाऊल मागे. तिसऱ्या दिवशी आणखी दोन. चौथ्या दिवशी ती चाफ्याच्या झाडाआड, निम्मी दिसेल अशी. दर वेळी बाबा माझ्यावरून नजर फिरवून तिच्याकडेच जायचे. सहाव्या दिवशी ऑपरेशन होतं. पहाटे नवरा आईला वसईला घेऊन गेला. गाडीत बसताना ती मला म्हणाली, "नाही जमलं तर ने त्यांना तुझ्याकडे. मी काही बोलणार नाही." तिने हे म्हटल्यावर माझा धीरच सुटला. इतके दिवस हेच ऐकायला मी भांडले होते आणि आता ते मला नको होतं.

अकराला मी बावखलावर एकटी उभी. बाबा केळींतून बाहेर आले. थांबले. माझ्याकडे बघितलं, माझ्या मागे बघितलं, चाफ्याकडे बघितलं. मग त्यांची पावलं दुसऱ्या वाटेला, रस्त्याच्या बाजूला वळली. दोन पावलं, तीन. मी हाक मारणार नव्हते, आई कधी मारत नसे. पण माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "बाबा, मी चुकले हो."

का म्हटलं, मला माहीत नाही. ठरवलेलं नव्हतं.

ते वळले. जवळ आले, माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. "कोनाची तू?"

"इथलीच."

"घर सापडत नाही?"

मी मान हलवली. पदराने डोळे पुसले.

"अशी रडू नको. चल." त्यांनी टोपली या हातातून त्या हातात घेतली आणि मोकळ्या हाताने माझं मनगट धरलं. केळींना पाणी नेणाऱ्या पाटाशी आल्यावर म्हणाले, "निसरडं आहे, बघून." मी मुद्दाम अर्धं पाऊल मागे चालत होते, कुठेही ओढायचं नाही, वळवायचं नाही. तरी माझ्या हाताने काहीच सांगितलं नाही असं मी शपथेवर म्हणू शकत नाही. वाट फुटते तिथे ते अडखळले नाहीत. घराकडे वळले.

ओटीवर आल्यावर त्यांनी टोपली ठेवली, स्वयंपाकघरात डोकावले, आणि तिथे कुणी नाही हे बघून माझ्याकडे वळले. स्वतःच्या हाताने हंड्यातून तांब्या भरून माझ्यापुढे धरला.

"बस. पानी पी," ते म्हणाले. "घरातली आता येईल. तिला विचारू तुझं घर कुठलं ते, तिला सगळं ठाऊक असतं."